नवरा बाजूला हटेना, बाई खरं सांगेना: अशा वेळी सिस्टरनं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. कराडजवळच्या वीस खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलातली सिस्टर, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दीड वर्ष झालेली, लिहिते: "परवा नाईटला साडेअकराच्या सुमारास तिशीतली एक बाई डावा हात धरून आली. जिन्यावरनं पडले म्हणाली. नवरा शेजारून हलेना. तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोच देत होता. दंडावर जुने पिवळट डाग होते. डॉक्टरांनी प्लास्टरचा स्लॅब घातला, दहा दिवसांनी एक्स-रे काढून दाखवायला सांगितलं, आणि ते गेले. मला सगळं कळत होतं, पण मी गप्प बसले. पोलिसांना कळवायला हवं होतं का? माझं चुकलं का?"

ताई, तुम्हाला ताटकळत ठेवत नाही. त्या क्षणी गप्प बसलात हे चुकलं नाही. नवऱ्यासमोर तोंड उघडलं असतंत तर चुकलं असतं. हे मी माझी चूक आठवूनच सांगतेय. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. कॅज्युअल्टीत एक बाई आली, कानातून रक्त येत होतं आणि गालावर चार बोटं उमटलेली. मी चारचौघांत तावातावानं विचारलं, "कुणी मारलं गं? नवऱ्यानंच ना?" नवरा दारातच उभा होता. तिनं नकारार्थी मान हलवली आणि पदर कानावर ओढून घेतला. कानाचे डॉक्टर कॉलवर यायच्या आत तो "आमच्या जबाबदारीवर नेतो" म्हणून सही करून तिला घेऊन गेला. त्या सहीखाली तिचाही अंगठा होता. पुढं तिचं काय झालं ते मला कधीच समजलं नाही. त्या संध्याकाळी मात्र मला स्वतःच्या धाडसाचं फार कौतुक वाटलं होतं.

त्यानंतर सांगली-मिरज भागात सरकारी नोकरीत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली बारा-तेरा अपघात विभागात. तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं ते हे, की तुम्ही पोलिसांचं विचारताय, पण अडचण त्याच्या आधीची आहे. ती बाई तुमच्या हॉस्पिटलात तास-दीड तास होती आणि तेवढ्या वेळात एक मिनिटही ती नवऱ्याशिवाय कुणाशी बोलू शकली नाही. पोलीस, वकील, समुपदेशक, सगळे त्या एका मिनिटानंतर येतात. ते मिनिट मिळवणं हे आपलं काम आहे, डॉक्टरांचं नाही. डॉक्टर हाड बघून पुढच्या पेशंटकडं जातात. तिच्याजवळ आपण असतो.

आता ते मिनिट मिळवायचं कसं? भांडून मिळत नाही. "तुम्ही बाहेर थांबा" म्हटलं की तो आणखी चिकटतो आणि घरी गेल्यावर तिला विचारतो, "काय सांगितलंस गं तिला?" कारण असं हवं, की जे खरंच वैद्यकीय आहे आणि सगळ्यांना सारखंच लागू होतं. एक्स-रेच्या खोलीत पेशंटच्या नातेवाइकांनी थांबायचं नाही, हा नियम किरणांमुळं आहे, त्यात नवऱ्याला वाईट वाटायचं कारण नाही. तुमच्या पेशंटचा एक्स-रे झालाच असणार. ती दोन मिनिटं तुमच्या हातात होती. त्याच्याही आधी, मूल होण्याच्या वयातल्या बाईचा एक्स-रे काढायचा तर ती गरोदर आहे का हे विचारावंच लागतं. पाळीचा विषय काढला की आपल्याकडचे निम्मे पुरुष आपणहून दोन पावलं मागं सरतात. लघवीच्या तपासणीसाठी बाथरूमपर्यंत सोबत जाता येतं, एक हात जायबंदी असला तर बाईला मदत लागतेच. नवऱ्याला स्लॅबचं सामान आणायला मेडिकलमध्ये धाडता येतं. सासू सोबत असेल तर गोष्ट जरा अवघड, कारण तिला पाळीचं काही वाटत नाही. मी सासूबाईंना दुसऱ्या सिस्टरकडं बीपी तपासायला पाठवायची. हा उपाय कधी वाया गेला नाही, आणि चार-पाच सासवांचं बीपी खरोखरच वाढलेलं निघालं.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट. जतच्या पूर्व भागातल्या, नाहीतर अथणी-चिकोडीकडून लग्न होऊन आलेल्या कितीतरी बायकांना घाबरल्यावर मराठी सुचत नाही, कन्नडच येतं. अशा वेळी नवरा नाहीतर शाळकरी पोरगा दुभाषा होतो, आणि बाई काय म्हणाली ते आपल्याला त्याच्या तोंडून कळतं. तसं करू नका. कन्नड येणारी वॉर्डातली मावशी नाहीतर सिस्टर शोधा. पण छोट्या गावात मावशीही नवऱ्याच्या भावकीतली निघू शकते. भिंतीला कान असतात ते हॉस्पिटलच्या भिंतीला जरा जास्तच, तेव्हा विचारायच्या आधी आजूबाजूला कोण कुणाचं लागतं याचा अंदाज घ्या.

ती एकटी मिळाली की पहिलं काम, खाली बसा. उभ्यानं विचारलेला प्रश्न बाईला पोलिसी वाटतो. आमच्या विभागात ड्रेसिंग ट्रॉलीखाली लोखंडी स्टूल असायचं, एक पाय आखूड, बसलं की डुगडुगायचं. मी ते ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसायची. मग विचारायचं ते असं: "हात असा मोडून आलेल्या बऱ्याच बायकांना घरात मार बसलेला असतो, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते. तुमच्या बाबतीत तसं काही आहे का?" 'सगळ्यांनाच' हा शब्द महत्त्वाचा. त्यानं तिच्यावरचा डाग जातो. "तुमचा नवरा मारतो का?" असं थेट विचारलं की ती आधी नवऱ्याचा बचाव करते, कारण इतक्या वर्षांची सवय तीच असते.

हाडाकडंही बघा, पण निवाडा करायला नको. पडताना माणूस हात टेकतो तेव्हा बहुतेकदा मनगटाजवळ मोडतं. डोक्यावर येणारा मार अडवायला हात वर केला की करंगळीच्या बाजूचं हाड मध्येच मोडतं. यानं सिद्ध काही होत नाही, शंका घ्यायला जागा मिळते एवढंच. डागांच्या रंगावरून "हा आठ दिवसांचा, हा पंधरा दिवसांचा" असं ठरवायचा मोहही टाळा. कातडीचा रंग, वय, मार किती खोल बसला, या सगळ्यावर ते बदलतं. रंग, माप, जागा लिहा. हिशेब करू नका.

ती "हो" म्हणाली तर "का मारलं?" विचारू नका. या "का"मध्ये तिची चूक शोधणं असतं, आपल्या मनात नसलं तरी. "एवढं सहन कशाला करता?", "पोरांकडं बघून दिवस काढा", "सोडून द्या त्याला" ही तिन्ही वाक्यं मी सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहेत, पहिली दोन माझ्याही तोंडून निघाली आहेत. तिसरं वाक्य धीराचं वाटतं, पण बाई घर सोडायला निघते किंवा सोडून जाते तो काळ तिच्यासाठी सगळ्यात धोक्याचा असतो. तो निर्णय तिनं तिच्या वेळेनं, तयारीनिशी घ्यायचा. आपण एवढंच म्हणायचं: "सांगितलंत ते बरं केलंत. यात तुमची चूक नाही. आज घरी जायला भीती वाटते का?"

हा शेवटचा प्रश्न कधी विसरू नका. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "कधी गळा दाबला होता का?" बाई हे आपणहून सांगत नाही, कारण तिच्या लेखी मार म्हणजे काठी, पट्टा, लाथ. गळा दाबल्यावर बाहेरून काहीच दिसत नाही असं पुष्कळदा होतं. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्ताचे बारीक ठिपके आहेत का, त्या वेळी शुद्ध हरपली होती का, कपड्यात लघवी झाली होती का, हे बघा आणि विचारा. आतली सूज काही तासांनी वाढून श्वास अडू शकतो, मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. अशा बाईला गोळ्या देऊन घरी पाठवायचं नाही, डॉक्टरांना तिथल्या तिथं उठवून सांगायचं. शिवाय ज्यानं एकदा गळ्याला हात घातला तो पुढच्या वेळी जीव घेण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. बाई गरोदर असेल, तो मारायच्या धमक्या देत असेल, घरात कोयता हाताशी असेल, तर धोका वाढतच जातो. (कोयता काय, ऊसपट्ट्यात घरोघरी असतो. म्हणून "हत्यार आहे का?" न विचारता "कधी काही उगारलं होतं का?" असं विचारावं.)

आणि ती "नाही" म्हणाली तर? बहुतेक वेळा "नाही"च म्हणते. तेव्हा "ठीक आहे" म्हणायचं, आणि ते मनापासून म्हणायचं. तिला बोलतं करणं हे आपलं काम नाही. हे शिकायला मला फार वर्षं लागली, आणि शिकवलं ते कॅज्युअल्टीनं नाही, पुरानं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अर्धी सांगली पाण्यात, ब्रह्मनाळची बोट उलटल्याची बातमी आलेली. आम्हाला एका शाळेतल्या छावणीवर नेमलं होतं. उत्साही मंडळी यायची, वर्गात गोल करून बसवायची आणि सांगायची, "काय काय घडलं ते सगळं बोला, मन मोकळं होईल." एक आजी होती, ओल्या लुगड्याची पुन्हा पुन्हा घडी घालायची, उलगडायची, पुन्हा घालायची. तिला तीन वेळा तीन जणांनी सगळी कहाणी सांगायला लावली. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर तिनं रात्रभर भिंतीकडं तोंड केलं, जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसले आणि "आजी, काय पाहिजे?" एवढंच विचारलं. म्हणाली, "म्हस कुठं बांदलीया बगून सांग." जनावरांचा तळ वेगळीकडं होता. आमच्या ब्रदरनं, म्हणजे पुरुष नर्सनं, मोटारसायकलवर जाऊन मोबाइलवर म्हशीचा फोटो काढून आणला. म्हातारीनं फोटोवरनं बोट फिरवलं आणि भात मागितला.

आपत्तीतल्या मानसिक प्रथमोपचाराचं जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र तीन शब्दांचं आहे: बघा, ऐका, जोडून द्या. कोण धोक्यात आहे ते बघा, तो स्वतःहून बोलेल तेवढं ऐका, आणि त्याला हवी ती माणसं, हवी ती मदत यांच्याशी जोडून द्या. घडलेलं सगळं एका बैठकीत वदवून घ्यायची जी पद्धत पूर्वी चालायची, तिची शिफारस आता केली जात नाही. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, दचकणं, तेच तेच डोळ्यांसमोर येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. लगेच झोपेच्या गोळ्या चालू करायच्या नसतात. महिना उलटूनही तसंच राहिलं, घर-काम सुटायला लागलं, तर मात्र मानसोपचार तज्ज्ञांकडं पाठवायचं. २०२१ च्या जुलैत तुमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळ्याला दरडी कोसळल्या, तेव्हा तिकडं गेलेल्या एका आशाताईला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं: "कहाणी विचारू नकोस. गोळ्या चालू होत्या का ते विचार." बीपीच्या, फिटच्या, साखरेच्या गोळ्या दरडीखाली गेलेल्या असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. छावणीत आणखी एक बघायचं. बायकांचा संडास कुठं आहे आणि रात्री तिथं उजेड आहे का. पुरात मार थांबत नाही, घर नसल्यानं तो फक्त पडद्याआडून बाहेर येतो.

तर तुमच्या बाईकडं परत. ती "नाही" म्हणाली तरी जाताना एक वाक्य तिच्या कानावर घाला: "कधी गरज लागली तर १८१ वर फोन करता येतो, दिवसा-रात्री कधीही, पैसे लागत नाहीत." तोंडी सांगा. छापील पत्रक हातात देऊ नका, ते पिशवीत सापडलं तर तेच मार खायचं कारण होतं. लगेच जीवावर बेतलं तर ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' नावाचं वन स्टॉप सेंटर असतं, तिथं समुपदेशन, कायद्याची मदत आणि थोडे दिवस राहण्याची सोय एका छताखाली मिळते.

आणखी एक गोष्ट सांगा, ती ऐकून मी बायकांचे चेहरे बदललेले पाहिलेत. बहुतेकींना वाटतं, तक्रार म्हणजे नवरा आत आणि आपण रस्त्यावर. म्हणून त्या म्हणतात, "त्याला जेलात घालायचं न्हाई सिस्टर, नुसतं मारायचं थांबवा." २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बराचसा याच मागणीसाठी आहे. तो मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे. त्याखाली न्यायालय मारहाण करू नये असा संरक्षण आदेश देतं, आणि घर कुणाच्याही नावावर असो, तिला त्या घरात राहायचा हक्क देतं. आदेश मोडला तर मग गुन्हा. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी यासाठीच नेमलेले असतात. गावात हे प्रकरण आधी पोलीस पाटलाकडं नाहीतर तंटामुक्तीच्या बैठकीत जातं, तिथं चार बाप्ये मिळून बाईची समजूत काढतात आणि चहा पिऊन उठतात. मला त्या समजुतीबद्दल फारसं चांगलं बोलता येत नाही, म्हणून पुढं जाते.

आता पोलिसांचं. इथं परिस्थितीप्रमाणं उत्तर बदलतं, आणि तुमच्या हॉस्पिटलची पद्धत काय हे पहिल्यांदा इनचार्जना विचारा. एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंध येऊ शकणाऱ्या केसची नोंद, करायची की नाही हे ठरवणं आणि पोलिसांना कळवणं ही डॉक्टरांची जबाबदारी. हाड मोडणं ही कायद्यानं 'गंभीर दुखापत' धरली जाते, त्यामुळं मारहाणीचा संशय असेल तर एमएलसीकडं कल असायलाच हवा. तुमचं काम, जे बघितलं ते डॉक्टरांच्या कानावर घालणं. "सर, दंडावर जुने डाग आहेत, नवरा तिला बोलू देत नाही," एवढं वाक्य बाजूला घेऊन सांगितलंत तरी तुमची बाजू पार पडली. खासगी हॉस्पिटलात मालक-डॉक्टर आणि नवऱ्याचे वडील एकाच सोसायटीचे संचालक असू शकतात, हे मला ठाऊक आहे. तरीही सांगा, आणि सांगितल्याची वेळ लिहून ठेवा. एमएलसी झाली म्हणजे बाईनं जबाब दिलाच पाहिजे असं नाही. ती देईल किंवा देणार नाही, तो तिचा अधिकार. उपचार त्यावर अडत नाहीत, हे तिला स्पष्ट सांगा. संरक्षण अधिकाऱ्याचा कागद आणला नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तपासणी अहवालाची प्रत तिला मोफत द्यायची असते, हेही त्याच कायद्याच्या नियमांत आहे.

दोन ठिकाणी मात्र "परिस्थितीप्रमाणं" चालत नाही. पहिलं, अठराच्या आतलं मूल आणि लैंगिक अत्याचार. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं ज्याला ज्याला कळलं त्या प्रत्येकानं कळवायचं. सिस्टरही त्यात आली. सतरा वर्षांची, गळ्यात मंगळसूत्र, पाचवा महिना, अशी मुलगी तुमच्याकडंही येते. "लग्न झालंय की" म्हणून सोडता येत नाही. पण कळवायचं म्हणजे तिला हाकलायचं नाही. तपासणी, लोहाच्या गोळ्या, सोनोग्राफी सगळं नीट करायचं, तिच्याशी मायेनं बोलायचं, नाहीतर ती बाळंतपणाला घरीच राहील.

दुसरं, बलात्काराची घटना. कुठल्याही हॉस्पिटलनं, सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार आणि उपचार लगेच आणि फुकट द्यायचे, नाकारले तर तो गुन्हा. "आधी पोलीस स्टेशनला जाऊन या" हे वाक्य उच्चारायचंच नाही. वेळेचं भान ठेवा. एचआयव्ही टाळायची औषधं जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आतच सुरू व्हायला हवीत आणि २८ दिवस चालतात. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी ७२ तासांत चांगली, पण पाच दिवसांपर्यंत देता येते. पुराव्यासाठीचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतात, म्हणून तिला आंघोळ घालून, कपडे बदलून, स्वच्छ करून डॉक्टरांसमोर न्यायची घाई नको. मी एकदा एका पोरीला मायेपोटी तोंड धुवायला पाणी दिलं होतं, डॉक्टरबाईंनी नंतर समजावलं. कपडे कागदी पिशवीत ठेवतात, प्लास्टिकमध्ये दमटपणानं पुरावा कुजतो. तपासणीला तिची संमती हवीच, आणि "हे करा, ते करू नका" असं ती अर्ध्यातही म्हणू शकते. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ सालीच मोडीत काढली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनासाठी जबाबदार धरायला सांगितलं. तरी कुणी "सवयीनं" करायला गेलं तर थांबवायचं धैर्य तुमच्याकडं असावं.

नोंदीबद्दल दोन शब्द जास्त बोलते, कारण आपण सिस्टर मंडळी इथंच कच्च्या. तिनं जे म्हटलं ते तिच्याच शब्दांत, अवतरणात लिहा: पेशंट म्हणते, "जिन्यावरनं पडले." आपला अंदाज लिहायचा नाही. शेजारी जे दिसलं ते लिहा: डाव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला दोन पिवळट-हिरवे डाग, प्रत्येकी साधारण तीन सेंटिमीटर; प्रश्नांची उत्तरं पतीनं दिली; वेळ २३.५०, सही. तिचं म्हणणं आणि तिचं अंग यांतली तफावत वाचणाऱ्याला आपोआप दिसते. कोर्टाचं समन्स चार-पाच वर्षांनी येतं, तेव्हा तुम्हाला चेहरा आठवणार नाही, ओळ आठवेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आपल्याकडं केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात जातं. तिनं मारहाणीचं सांगितलं असेल तर ते हॉस्पिटलच्या रेकॉर्डला लिहा, घरी जाणाऱ्या कार्डावर नाही. ड्युटी बदलताना हँडओव्हर देतानाही कॉटपाशी उभं राहून मोठ्यानं सांगायचं नसतं.

जीव द्यायला विषारी औषध पिऊन आलेल्यांचं वेगळं लिहायला हवं, इथं एवढंच. द्राक्षपट्ट्यात फवारणीचं औषध घरातच असतं. अशा पेशंटला नळी घालताना "मरायचंच होतं तर इथं कशाला आलीस" असं बोलणारे आपल्यातच आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असं माणूस तीव्र ताणाखाली होतं असं गृहीत धरायचं ठरवलंय. ॲट्रोपिनमुळं (या विषावर उतारा म्हणून देतात ते औषध) पेशंट हवेत काहीतरी वेचायला लागला, बडबडायला लागला तर त्याला वेडा ठरवून हात बांधायच्या आधी डोस बघा. शुद्धीवर आल्यावर एकांतात हाच प्रश्न विचारा, घरी त्रास आहे का. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सांगून ठेवा.

तुमच्या मनाला जे लागून राहिलंय त्याबद्दल. "मला सगळं कळत होतं, पण मी गप्प बसले" हे वाक्य तुम्ही परवापासून किती वेळा मनात म्हटलंय याचा मला अंदाज आहे. ड्युटी संपल्यावर एका भरवशाच्या सिस्टरशी, नाव-गाव न सांगता, बोला. घरी स्वयंपाक करताना पोरावर हात उगारावासा वाटला तर समजा की वॉर्ड घरापर्यंत आलाय, आठवडाभर कॅज्युअल्टीतून बदली मागा. मी नाही मागितली, आणि एका वर्षात माझा आवाज इतका चढला की मावश्या माझ्या पायांच्या चाहुलीनं चहा टाकून पळायच्या.

तुमच्या बाईसारखीच एक बाई माझ्याकडं तीन वेळा आली. पहिल्यांदा कपाळ, दुसऱ्यांदा बरगडी, दोन्ही वेळा "पडले". दोन्ही वेळा मी विचारलं, ती नाही म्हणाली, मी ठीक म्हटलं. तिसऱ्यांदा दुपारच्या वेळी एकटीच आली, काहीच लागलेलं नव्हतं. दारात हवालदाराला विचारत होती, "त्या हलत्या स्टुलावर बसत्यात त्या सिस्टर हायत का?"

तुमच्या पेशंटला दहा दिवसांनी बोलावलंय ना? त्यातले दोन गेले. केसपेपरवर तारीख बघा आणि त्या दिवशीची सकाळची ड्युटी बदलून घ्या. एक्स-रेच्या माणसाला आधीच सांगून ठेवा, आत फक्त पेशंट आणि सिस्टर. स्लॅब सोडताना हात धरायला कुणीतरी लागतंच.